लपवा आणि वाढा

विहिणीचा हेवा करू नये असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं तरी मी ते पाळलं नसतं. जुई माझी नात, माझ्या तन्मयची मुलगी, आडनावाने सोहोनी, वय वर्षं सहा. आणि ती पोटभर जेवायची कुठे, तर जयसिंगपूरला, तिच्या आईच्या आईकडे. माझ्या घरी मिरजेला आली की पाणी प्यायची. नऊ महिने झाले होते, माझ्या घरचा एक घास तिने तोंडात घातला नव्हता.

आणि मी काही अडाणी आजी नव्हे. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवलं. आता दर बुधवारी साठीच्या पुढच्या लोकांसाठी आहारवर्ग घेते. म्हातारपणी प्रथिनं किती लागतात, तहान लागली नाही तरी पाणी का प्यायचं, दात पडले म्हणून डाळ का सोडायची नाही, हे सगळं मी फळ्याकडे बघून शिकवते. लोकांच्या डोळ्यांत बघत शिकवणं मला कधी जमलं नाही, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. माझ्या वर्गाचं ब्रीदवाक्य सगळ्यांना पाठ आहे: लपवा आणि वाढा. आजोबा पालक खात नाहीत? वाटून कणकेत घाला. दुधी नको म्हणतात? थालीपिठात किसून टाका. पोटात गेल्याशी मतलब. मी स्वतःसुद्धा सगळं एकत्र वाटून, गुळगुळीत करूनच खाते. भाजीची फोड दाताखाली आली की माझ्या मानेपर्यंत शहारा येतो. तो कुणालाही येत असणार.

जुईच्या भाकरीत मी शेवग्याच्या पाल्याची पूड घातली होती. दोन ग्रॅम, काट्यावर मोजून. तिच्या रक्तात लोह कमी होतं आणि ती मोजून पाच पदार्थ खायची, दुसरं काय करणार? तिने पहिला तुकडा जिभेवर ठेवला, काढून ताटाच्या कडेला ठेवला, उठून हात धुतले. त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघराचं दार तिच्यापुरतं बंद झालं.

जुई स्वमग्न आहे, हे ती तीन वर्षांची असताना कळलं होतं. तेव्हा तिच्या वाढदिवसाला भरल्या घरात मी म्हणाले होते, "आमच्या घराण्यात असं कुणी नाही." कुणाच्या घराण्यात आहे हे मी बोलले नाही, पण नजर विहीणबाईंकडे गेली. त्या लाडू वाढत होत्या. वाढत राहिल्या.

त्रिशला मगदूम त्यांचं नाव. घर जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकणारं. जुई तिथे असली की रोज साडेपाचला तिचं पान वाढलं जायचं. मधे ज्वारीची भाकरी, उजवीकडे घट्ट मूग, डावीकडे शेंगदाण्याची चटणी, वर काकडी, दह्याची वाटी ताटाबाहेर. एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. काल जसं, तसंच आज. बाईंना फारसं बोलणं नको, टीव्ही नको, दर बुधवारी बसने माझ्या वर्गाला यायच्या ते शेवटच्या बाकावर बसायला. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की बाई विक्षिप्त आहेत आणि जुईत जे काही आहे ते त्यांच्याकडूनच आलं आहे.

मग मिरजेत ते संशोधन सुरू झालं. डॉ. अल्फिया मुजावर नावाची चुणचुणीत मुलगी त्याची प्रमुख होती. तिने दोन्ही घरच्यांना एकत्र बसवून समजावून सांगितलं. स्वमग्नता बहुतेक वेळा एखाद्याच जनुकातून येत नाही. शेकडो जनुकांतले बारीक फरक असतात, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. एखाद्या आजोबांच्या वाट्याला त्यातले मूठभर आले तर लोक म्हणतात, माणूस जरा तऱ्हेवाईक आहे, आणि सोडून देतात. तेच दोन्हीकडून येऊन एका मुलात पुरेसे जमले की त्याला जग निराळं जाणवतं. हा रोग नव्हे, वारसा आहे, ती म्हणाली, नाकासारखा.

हे सगळं जुनंच होतं. नवं होतं ते तिचं यंत्र. लाळेचा नमुना दिला की ते माणसाचं संवेदनचित्र काढायचं. कुणाच्या जिभेला मीठ किती जोरात लागतं, कुणाला पिठातला कण बोचतो, कुणाला पंख्याची घरघर सहन होत नाही, हे सगळं अंदाजाने पण बऱ्यापैकी नेमकं. त्याचा उपयोग दोन तऱ्हेचा होता. ज्यांचं निदान कधी झालंच नाही असे कितीतरी म्हातारे आयुष्यभर चार पदार्थांवर जगतात आणि सत्तरीत पोहोचेपर्यंत आतून पोकळ होतात. त्यांना त्यांच्या जिभेप्रमाणे आहार शिकवायचा. आणि मुलाच्या चित्राशी ज्या आजी-आजोबांचं चित्र जास्तीत जास्त जुळेल त्यांना मुलाचं सोबती नेमायचं. ज्याला तसंच जाणवतं तोच त्याला नवा घास शिकवू शकतो, असा एकूण विचार.

मी विचारलं, कोण कुणाचं नातलग हेही त्यात दिसतं का. ती म्हणाली, दिसू शकतं, पण घराघरांत भलतीच भांडणं लागतात म्हणून नातं तपासायला कायद्याने बंदी आहे. यंत्र फक्त चित्र काढतं.

नेमकं त्याच महिन्यात तन्मय आणि सून ऋतुजा या दोघांना दहा महिन्यांचं काम आलं. रामेश्वरमच्या पलीकडे समुद्रात उभारलेल्या पवनचक्क्यांवर, जिथे मुलांना नेता येत नाही. जुई एकीकडेच राहणार होती, कारण दर आठवड्याला घर बदलणं तिला झेपलं नसतं. कुणाकडे? तन्मय म्हणाला, यंत्र सांगेल त्या आजीकडे, म्हणजे कुणाचं मन दुखायला नको. मन दुखू नये म्हणून माणसं काय काय यंत्रांवर सोपवतात.

मी रात्रंदिवस जळत होते. ज्याचं खापर मी विहिणीवर फोडलं होतं, त्याचंच आता बक्षीस निघालं होतं, आणि ते त्यांनाच मिळणार याबद्दल मला तीळमात्र शंका नव्हती.

नमुन्याच्या डब्या टपालाने आल्या. एक तास आधी काही खायचं नाही, मग नळीत थुंकायचं, नाव छापलेली चिकटपट्टी लावायची, पेटीत घालून परत पाठवायचं. विहीणबाई माझ्याकडेच आल्या, कारण अशा गोष्टीत त्यांचा माझ्यावर विश्वास. चष्मा घरी विसरला होता. नळी माझ्या हातात देत म्हणाल्या, "बाई, तेवढा कागद तुम्हीच चिकटवा. मला बारीक दिसंना."

स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन नळ्या आणि दोन पट्ट्या. विहीणबाई बाहेर जुईशेजारी बसून शेंगा सोलत होत्या. जुई सोललेले दाणे एका रेषेत लावत होती, आणि मधूनच एक दाणा, न बोलता, आजीच्या हातावर ठेवत होती. मला तिने कधी काही दिलं नव्हतं. मी त्यांची पट्टी माझ्या नळीला लावली आणि माझी त्यांच्या. दोन सेकंदांचं काम. वाटलं, त्यांचं चित्र माझ्या नावावर येईल आणि जुई माझ्याकडे येईल. एकदा घरात आली की मी तिला जिंकून घेईन.

तीन आठवड्यांनी निकाल आला. डॉ. मुजावरने दोघींना बोलावलं आणि हसून विहीणबाईंचा हात हातात घेतला. त्रिशला मगदूम, जुईशी एक्क्याण्णव टक्के जुळतं, सबंध संशोधनात इतकं जुळलेलं हे पहिलंच. आणि हेमलताआजींचं चित्र अगदी साधारण, ती माझ्याकडे वळून म्हणाली, काळजीचं काही नाही.

मला समजायला थोडा वेळ लागला. ती एक्क्याण्णव टक्के जुळलेली लाळ माझी होती. मीठ किंचित कमी पडलं तर वासावरून ओळखणारी मी, घरात शिवण टोचते म्हणून पोलकं उलटं घालणारी मी, ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून वर्ग खिडकीशी घेणारी मी. हे सगळ्यांनाच होतं असं मी सदुसष्ट वर्षं धरून चालले होते. जुईला जे मिळालं होतं ते माझ्याकडून मिळालं होतं, आणि ते मी माझ्या हाताने, चिकटपट्टीसकट, विहिणीला देऊन टाकलं होतं.

बोलायची सोय नव्हती. जुईची बॅग, तिची उशी आणि तिचं चार खणांचं ताट जयसिंगपूरला गेलं. मी गाडीत ठेवायला मदत केली.

यापुढचं मात्र मी अजिबात धरलेलं नव्हतं. संशोधनाचा दुसरा भाग सुरू झाला, म्हाताऱ्यांच्या आहाराचा. विहीणबाईंच्या फोनमधून रोज एक गोड आवाज त्यांना काय खायचं ते सांगू लागला, त्यांच्या चित्राप्रमाणे. म्हणजे माझ्या. त्रिशलाआजी, तुमच्या जिभेला मीठ इतरांच्या चौपट लागतं, तेव्हा ते जवळजवळ बंद करू या. मिरची तुम्हाला जाळते, ती नको. दह्याचा बुळबुळीतपणा तुम्हाला त्रास देतो, ते नको. विहीणबाईंची जीभ होती साधीसुधी, आयुष्यभर हिरव्या मिरचीवर आणि दह्यावर पोसलेली. पण त्यांनी ते सगळं बंद केलं. वर्गात कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाल्या, यंत्राला कळतंय, आपल्याला काय कळतंय.

बुधवारी वर्गाच्या सुरुवातीला मी सगळ्यांचं वजन घेते. निकालाच्या आधी त्यांचं चोपन्न किलो होतं. चौथ्या आठवड्यात बावन्न. सातव्यात पन्नास. दहाव्या बुधवारी काट्याने अठ्ठेचाळीस दाखवलं, आणि त्या उतरताना टेकायला माझा खांदा शोधू लागल्या. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या. दोन घासांनंतर जेवावंसंच वाटत नाही म्हणाल्या, वयाचं असेल.

त्या वयात दहा आठवड्यांत सहा किलो म्हणजे काय हे मीच फळ्यावर लिहीत आले आहे. चरबी नाही जात, स्नायू जातात. मग बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं, आणि माणूस अंथरुणातून उठत नाही. हे मला लख्ख दिसत होतं. आणि ते दिसत असताना माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण आता लपवायचं नाही असं ठरवलं आहे. मनात आलं: यांना काही झालं तर जुई माझ्याकडेच येणार.

मी वजनाचा आकडा वहीत लिहिला. खडू उचलला आणि फळ्यावर काय लिहायचं ते आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी वर्ग अर्ध्यात सोडला.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी जयसिंगपूरला पोहोचले. विहीणबाई चुलीपुढे, म्हणजे त्या काचेच्या शेगडीपुढे, भाकरी थापत होत्या आणि जुई पाटावर बसून दह्याची वाटी ताटाबाहेर नेमक्या जागी सरकवत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. नळ्या, पट्ट्या, कुणाचं चित्र कुणाचं, सगळं. शेवटी म्हणाले की तुमची जीभ ठणठणीत आहे, तुम्ही माझ्या जिभेचं जेवताय.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. फुगू दिली. उतरवून जुईच्या ताटात ठेवली. मग फडताळातून मिठाची बरणी काढली, ठेचलेल्या मिरचीची वाटी काढली, स्वतःचं ताट घेऊन खाली बसल्या आणि जेवल्या. दोन भाकऱ्या, दही, मिरची, वर चिमटीने मीठ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मिरचीचं की कशाचं मला विचारवलं नाही. मी तशीच उभी.

ताट धुऊन पालथं घातल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही वर्गात शिकवताय, लपवा आणि वाढा," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, भाजीपुरतं असंल."

मी मान खाली घातली.

"दहा आठवडं मला वाटत हुतं, माझी जीभ मेली. म्हातारी झाले, आता असंच जायचं. पोरीला कोण बघंल, म्हणून रात्री झोप न्हाई लागायची. आणि तुम्ही दर बुधवारी माझं वजन लिवून घ्यायचा."

डॉ. मुजावरला मी त्याच संध्याकाळी फोन केला. ती आधी रागावली, मग तिने विहीणबाईंचं रक्त तपासायला माणूस पाठवला, आणि नंतर नोंदी दुरुस्त केल्या. नियमाप्रमाणे आता सोबती मी होते. वर तिने न विचारता एक गोष्ट सांगितली. मुलीला दोन एक्स गुणसूत्रं असतात. त्यातलं वडिलांकडचं एक्स हे वडिलांना त्यांच्या आईकडूनच आलेलं असतं आणि ते लेकीकडे जवळजवळ अख्खं उतरतं. म्हणजे जुईच्या प्रत्येक पेशीत माझं एक अख्खं एक्स बसलेलं होतं. इतक्या लाजिरवाण्या वेळीही हे ऐकून मला आनंद झाला. माणूस सुधारत नाही लवकर.

तन्मयला व्हिडिओवर सांगितलं तेव्हा त्याने एवढंच विचारलं, आज आईंचं जेवण झालं का. आई म्हणजे ऋतुजाची आई.

डॉक्टर जयसिंगपूरला आली आणि तिने जुईलाच विचारलं, कुठे राहायचं. तिने विचारताना दोन घरांची चित्रं पुढे ठेवली होती. जुईने माझ्या घराच्या चित्रावर बोट ठेवून ते बाजूला केलं.

"इथली भाकरी तीच असते," ती म्हणाली.

सगळं जनुकशास्त्र वापरूनही मला कुणी यापेक्षा नेमकं उत्तर दिलं नसतं. यंत्राने जुळणी काढली होती, पण विश्वासाची जुळणी त्यात येत नव्हती. विहीणबाईंकडे जुईच्या चित्रातला एक ठिपकाही नव्हता. त्यांना ना कण बोचत होता, ना वास कळत होता. त्यांनी फक्त बघितलं होतं. पोरगी काय बाजूला सारते ते बघितलं आणि पुन्हा वाढलं नाही. माझ्याकडे अख्खं एक्स होतं, आणि मी पूड घालत बसले होते.

मी विचारलं, मी येत जाऊ का. विहीणबाई म्हणाल्या, साडेपाचला या, वाढायला न्हाई, बसायला. पंधरा दिवस त्या माझ्याशी चार शब्द बोलल्या: या, बसा, घ्या, पुरे. मी इलेक्ट्रिक बसने जायचे, भिंतीशी बसायचे आणि बघायचे. जुई जेवून झाली की त्यांच्या मांडीला पाठ टेकून बसायची. ते बघून दोन-तीनदा ठरवलं की उद्यापासून जायचं नाही. साडेचारला पुन्हा चप्पल पायात.

सोळाव्या दिवशी मी घरून एक भाकरी करून नेली. ज्वारी, पाणी, बाकी काही नाही. आदल्या बुधवारी वर्गात ते ब्रीदवाक्य फळ्यावरून पुसून आले होते, लोकांनी कारण विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं होतं, आणि दोघी जणी वर्ग सोडून गेल्या होत्या. भाकरी फडक्यात गुंडाळलेली होती. विहीणबाईंची परवानगी घेऊन मी ती जुईच्या ताटात नव्हे, ताटाशेजारी ठेवली.

जुईने वाकून वास घेतला. बराच वेळ घेतला.

"यात काय आहे?" तिने विचारलं. वर्षभरानंतर माझ्याशी बोललेलं तिचं पहिलं वाक्य.

"ज्वारी. पाणी."

"शेवगा," जुई म्हणाली.

मी शपथ घेणार होते. मग थांबले. भाकरी उचलून नाकाशी धरली. होता. अगदी पुसट, खालच्या बाजूला, करपलेल्या डागापाशी. तो तवा. वर्षभर मी त्याच तव्यावर स्वतःसाठी त्या पुडीच्या भाकऱ्या केल्या होत्या आणि लोखंडाने तो वास धरून ठेवला होता. सकाळी भाकरी उतरवतानाच मला आला होता तो. मनाचे खेळ म्हणून मी सोडून दिला होता.

"आहे," मी म्हणाले. "तव्याचा आहे. तुझं बरोबर आहे."

जुईने मान वर केली आणि सरळ माझ्या नाकाकडे बघितलं, हे नाक कुठून आलं असं बघतात तसं. मग भाकरीची दुसरी बाजू माझ्यापुढे केली. मी वास घेतला. तिने घेतला.

"इथे नाही," ती म्हणाली.

"इथे नाही," मी म्हणाले.

तिने त्या बाजूचा नखाएवढा तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, आणि गिळला.

विहीणबाई उठून जवळ आल्या. त्यांनी भाकरी हातात घेतली, इकडून हुंगली, तिकडून हुंगली, पुन्हा इकडून हुंगली.

"मला तर काय बी वास येईना," त्या म्हणाल्या.

जुईने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती माझ्या फडक्याचा वास घेत होती आणि मी पुढे काय म्हणते याची वाट बघत होती. विहीणबाई भाकरी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती, ते वर्षभर मी रोज आरशात बघितलं होतं.

मी सरकून भिंतीशी माझ्याशेजारी जागा केली आणि त्यांना म्हटलं, बसा.